अल्बर्टातला युक्रेनी मुलूख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडमंटनला आमच्याकडे पाहुणे आले की सगळ्यांना आधी बँफचे डोंगर बघायचे असतात. मी त्यांच्याकडून एक दिवस मागून घेते आणि डोंगरांच्या उलट दिशेला, पूर्वेला नेते. यलोहेड महामार्गाने तासभर गेलं की सपाट शेतांमधून कांद्याच्या आकाराचे घुमट डोकं वर काढतात आणि गाडीत प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इतक्यांदा ऐकले आहेत की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

हा मुलूख नेमका कुठे आहे?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहराच्या पूर्वेला आणि ईशान्येला. लमॉन्ट, मंडेअर, व्हेग्रेव्हिल, अँड्र्यू, विलिंग्डन, टू हिल्स, मिरनाम, स्मोकी लेक, विल्ना ही इथली गावं. मधून नॉर्थ सस्कॅचवान नदी वाहते. युक्रेनी वस्तीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९२ साली, या सगळ्या भागाला मिळून ‘कलिना कंट्री’ असं नाव दिलं गेलं. कलिना म्हणजे लालभडक फळांचे घोस लागणारं एक झुडूप. ते युक्रेनी लोकगीतांत जागोजागी येतं आणि इथल्या ओढ्यांच्या काठी आपोआप उगवतं.

युक्रेनी शेतकरी इतक्या लांब कसे पोचले?

१८९१ साली इवान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक हे दोन शेतकरी नेबिलिव नावाच्या खेड्यातून कॅनडा बघायला आले. ते खेडं तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतात होतं. गॅलिशियातली वेठबिगारी १८४८ साली कायद्याने संपली होती, पण जमीन वाटण्या होत होत इतकी तुकड्या-तुकड्यांत गेली होती की दोन-चार एकरांवर कुटुंब ओढावं लागे. जंगल आणि कुरण जमीनदाराच्या ताब्यात. आपल्याकडे जमिनीच्या वाटण्यांनी भावाभावांत काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पिलिपिव गावी परतला आणि लोकांना सांगू लागला की तिकडे एका माणसाला १६० एकर मिळतात. लोकांना देश सोडायला फूस लावतो म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. तोवर बातमी पसरली होती. १८९२ पासून नेबिलिवची कुटुंबं निघाली आणि एडमंटनच्या ईशान्येला, पुढे ‘एड्ना-स्टार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या भागात त्यांची वस्ती उभी राहिली. कॅनडातली ही पहिली मोठी युक्रेनी वसाहत.

पुढचा धक्का पुस्तिकांनी दिला. ल्विवचे शेतीतज्ज्ञ ओसिप ओलेस्किव यांनी १८९५ साली ‘मोकळ्या जमिनींविषयी’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढली, त्याच वर्षी स्वतः कॅनडाचा दौरा केला आणि मग दुसरी पुस्तिका लिहिली. १८९६ साली कॅनडाचे गृहमंत्री झालेल्या क्लिफर्ड सिफ्टन यांना प्रेरीवर, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवर, कष्टाळू शेतकरी हवेच होते. मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेल्या दणकट शेतकऱ्याविषयीचं सिफ्टन यांचं वाक्य इथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. १८९१ ते १९१४ या काळात सुमारे १,७०,००० युक्रेनी कॅनडात आले.

१६० एकर फुकट?

अगदी फुकट नाही. १८७२ च्या डॉमिनियन लँड्स कायद्यानुसार १० डॉलर नोंदणी शुल्क भरायचं, तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि ठरलेली जमीन फोडून लागवडीखाली आणायची. हे सगळं तपासून मगच पट्टा नावावर होई. सर्वेक्षकांनी अख्ख्या प्रेरीवर चौकटी आखल्या होत्या. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा पाव हिस्सा एका कुटुंबाला. म्हणून इथले रस्ते आजही पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत.

पण या चौकटीने एक गोष्ट मोडली. गॅलिशियात घरं एकमेकांना खेटून, एका गल्लीत असत आणि शेतं गावाबाहेर. इथे प्रत्येकाने आपल्या १६० एकरांवरच राहायचं, शेजाऱ्याचा दिवाही लांबून दिसायचा. विहिरीवरच्या गप्पा संपल्या. माझ्या मते चर्च आणि सभागृह यांना इथे इतकं महत्त्व आलं ते यामुळेच. गाव नव्हतं, म्हणून गावाची जागा बांधावी लागली.

दक्षिणेला याहून सपाट, झाडं नसलेली जमीन होती. ती का नाही घेतली?

इंग्रज आणि अमेरिकन शेतकऱ्यांना उघडी जमीन हवी असे, कारण नांगर लगेच घालता येई. गॅलिशियाच्या माणसाने मात्र आयुष्यभर लाकडासाठी जमीनदाराच्या रखवालदाराचा मार खाल्लेला. त्याला आधी झाडं दिसली. हा पट्टा गवताळ प्रदेश आणि उत्तरेकडचं जंगल यांच्या सीमेवरचा. अॅस्पन झाडांच्या राया, मधे तळी, मधे गवत. घराला लाकूड, चुलीला सरपण, गुरांना चारा, पाणी, वर सारवायला चिकणमाती. जंगल तोडून शेत काढायला जन्म जाणार हे कळत असूनही त्यांनी ते पत्करलं.

दुसरं कारण माणसांचं. आधी आलेल्या भावकीच्या शेजारी जमीन मिळाली तर दलदलीचीही चाले. त्यामुळे गॅलिशियाचे लोक पश्चिमेला, लमॉन्ट-मंडेअरकडे एकवटले आणि बुकोविना प्रांतातले लोक पूर्वेला, अँड्र्यू-शांड्रोकडे. पहिले बहुतांश ग्रीक कॅथलिक, म्हणजे पूजाविधी पूर्वेकडचे पण पोपला मानणारे; दुसरे ऑर्थोडॉक्स, पोपला न मानणारे. बुकोविनातूनच आलेल्या रुमानियन शेतकऱ्यांनी विलिंग्डनजवळ आपल्या गावाचंच, बोइयान, हे नाव दिलेली वस्ती केली.

मग ही जमीन त्याआधी कोणाची होती?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि विचारला नाही तरी मी सांगते. इथे क्री हे मूळनिवासी लोक राहत होते आणि बायसनच्या, म्हणजे इथल्या रानगव्यांच्या, कळपांवर जगत होते. १८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट इथे ब्रिटिश राजसत्ता आणि मूळनिवासी यांच्यात सहावा करार झाला, आणि या मुलखातली जमीन त्या कराराखाली येते. तोवर बायसन संपत आले होते आणि उपासमार दारात उभी होती, तेव्हा तो करार किती मोकळ्या मनाने झाला हे ज्याचं त्याने ठरवावं. सॅडल लेक क्री नेशन आजही इथेच, कलिना कंट्रीच्या मध्यावर आहे. स्मोकी लेकच्या दक्षिणेला नदीकाठी व्हिक्टोरिया सेटलमेंट आहे. १८६२ साली जॉर्ज मॅकडूगल यांनी तिथे मेथडिस्ट मिशन काढलं, १८६४ मध्ये हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं ठाणं आलं, आणि मेटी, म्हणजे मूळनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, कुटुंबांनी नदीला काटकोनात लांबट पट्ट्यांची शेतं केली. युक्रेनी माणूस येण्याआधी तीस वर्षं इथे शेती, शाळा, चर्च होतं.

स्थलांतरितांना मात्र ही ‘मोकळी जमीन’ म्हणून विकली गेली. स्वतःच्या देशात जमीनदाराने नाडलेली माणसं इथे दुसऱ्यांच्या नाडलेपणावर उभी राहिली, आणि बहुतेकांना ते कळलंही नव्हतं. त्यांच्या कष्टांचं मोल मला कमी करायचं नाही. पण कष्टांची गोष्ट या पानाशिवाय सांगितली तर ती अर्धीच राहते.

पहिला हिवाळा त्यांनी कसा काढला?

बुर्देईत. उतारावर जमीन खणायची, वर ओंडके रचायचे, त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा. अर्धं घर जमिनीखाली, आत एक मातीची चूल. बाहेर उणे ३० ते ४० अंश. अशा खड्ड्यात पाच-सहा माणसं एकदोन वर्षं, कधी जास्तही, राहत.

मग घर. ओंडक्यांच्या भिंती, त्यांवर चिकणमाती, चिरलेलं गवत आणि शेण तुडवून केलेला गिलावा, वरून चुन्याची सफेदी, छप्पर गवताने शाकारलेलं. हे तुडवणं आणि लिंपणं बायका करत. पहिल्या खेपेला माझी आई अशा घराच्या भिंतीवरून हात फिरवत बराच वेळ उभी होती. घराचं तोंड दक्षिणेला, म्हणजे उन्हाकडे. दोन खोल्या: छोटीत पिच नावाची मोठी मातीची भट्टी, जिच्यावर रात्री झोपताही येई, आणि मोठीत पूर्वेच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी, वर भरतकामाचे पंचे.

पुरुष पैशासाठी रेल्वेच्या कामावर किंवा खाणीत निघून जात, महिनोन्‌महिने. मागे बाई, पोरं, एखादी गाय आणि न फोडलेली जमीन. झाडांची मुळं उपटून शेत करणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त हात बायकांचे होते असं मला वाटतं. पट्ट्यावर नाव मात्र बहुधा नवऱ्याचं.

तिथली माती काळी आहे म्हणे. आपल्या काळ्या मातीसारखीच का?

रंगाने फसाल. आपली कापसाची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात चिकट. इथली चेर्नोझेम हजारो वर्षांचं गवत कुजून तयार झाली आहे, हाताला भुसभुशीत लागते. ‘चेर्नोझेम’ म्हणजे स्लाव भाषांत ‘काळी माती’च. युक्रेनच्या मोठ्या भागात हीच माती आहे. गहू, बार्ली, ओट आणि आता पिवळ्याधमक फुलांची कॅनोला ही तेलबी, ही पिकं. पेरणी मे महिन्यात, कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि मध्येच एखाद्या रात्री दंव पडलं तर वर्ष गेलं.

इतक्या थोड्या वस्तीत इतकी चर्चेस का?

एकट्या लमॉन्ट काउंटीत ४७ चर्चेस आहेत. ती स्वतःला ‘उत्तर अमेरिकेची चर्च-राजधानी’ म्हणवते. सगळी युक्रेनी नाहीत, पोलिश, रुमानियन, प्रोटेस्टंटही आहेत.

एक कारण अंतराचं. घोडागाडीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल इतक्या अंतरावर चर्च हवं. दुसरं, प्रत्येक गावकीला आपल्या मूळ खेड्यातल्यासारखं चर्च हवं होतं. आणि तिसरं, पंथ. ग्रीक कॅथलिक, रशियन ऑर्थोडॉक्स, आणि १९१८ नंतर युक्रेनी ग्रीक ऑर्थोडॉक्स. एकाच चौरस्त्यापासून दोन घुमट दिसतात ते यामुळे.

बांधणी समजून घेतली तर बघायला मजा येते. पूर्व-पश्चिम आखणी, तीन भाग: प्रवेशाचा, मधला सभामंडपासारखा आणि पूर्वेचा गाभारा. मंडप आणि गाभारा यांच्यामध्ये इकोनोस्तास, म्हणजे संतांच्या चित्रांची उभी भिंत. घंटेचा मनोरा बहुधा वेगळा, अंगणात. घुमटाला युक्रेनीत ‘बान्या’ म्हणतात. आतलं छत बघा. साध्या लाकडी फळ्यांवर निळं आकाश आणि सोनेरी चांदण्या, आणि खांब संगमरवरी वाटतील असे रंगवलेले. ज्यांची स्वतःची घरं मातीची होती त्यांनी हे केलं. आराखडा कित्येकदा आठवणीतूनच, सुतार शेजारचा, मजुरी सगळ्यांची.

स्कारो इथे दगडांची एक गुहा आहे, फ्रान्समधल्या लूर्दच्या धर्तीवर १९१९ साली बांधलेली. ती फादर फिलिप रूह यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. पुढे कॅनडाच्या प्रेरीवर मोठमोठी युक्रेनी चर्चेस उभी करणारे ते हेच. दरवर्षी ऑगस्टच्या मध्यावर तिथे यात्रा भरते आणि रात्री मेणबत्त्या घेऊन लोक चालतात.

चर्चवरून भांडणंही झाली असतील?

झाली, आणि साधी नाही. स्टार इथल्या पहिल्या चर्चची मालकी ग्रीक कॅथलिकांची की रशियन ऑर्थोडॉक्सांची, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला आणि निकाल ऑर्थोडॉक्सांच्या बाजूने लागला. घरात गहू संपलेला असताना या लोकांनी वकिलांना पैसे दिले. आज हे नवल वाटतं, पण त्या माणसाजवळ स्वतःची म्हणावी अशी ती एकच इमारत होती.

इथे आजीला ‘बाबा’ म्हणतात हे खरं?

खरं. आजी ‘बाबा’, आजोबा ‘गिदो’. मराठी घरातल्या मुलांचा सुरुवातीला फार गोंधळ उडतो.

भाषा टिकली का?

आधी दाबली गेली, मग उचलली गेली. सुरुवातीला काही शाळांत युक्रेनी बोलणारे शिक्षक होते. १९१३ साली अल्बर्टा सरकारने त्यांना काढून इंग्रजी शिक्षक नेमले, तेव्हा मंडेअर परिसरात पालकांनी उघड विरोध केला. काही ठिकाणी त्यांनी स्वतःची शाळा काढून आपल्या शिक्षकाला ठेवून घेतलं. सरकार हटलं नाही. त्याच वर्षी अँड्र्यू शांड्रो हे अल्बर्टाच्या विधिमंडळात निवडून गेले. असे निवडून येणारे ते पहिले युक्रेनी. १९२६ साली व्हेग्रेव्हिल मतदारसंघातून मायकल लुचकोविच कॅनडाच्या संसदेत गेले, तिथेही पहिले. आणि २००६ ते २०११ अल्बर्टाचे मुख्यमंत्री असलेले एड स्टेलमाख हे अँड्र्यूजवळच्या शेतातले, युक्रेनी बोलत वाढलेले.

शाळांपुरतं बोलायचं तर १९७१ मध्ये अल्बर्टाने कायदा बदलून इंग्रजी-फ्रेंचशिवाय इतर भाषांतून शिकवायला परवानगी दिली आणि १९७४ मध्ये एडमंटनमध्ये इंग्रजी-युक्रेनी द्विभाषिक वर्ग सुरू झाले. ते आजही चालू आहेत. पण खेड्यांत घराघरातली बोली साठ-सत्तर वर्षांत विरली. ती बोली शंभर वर्षांपूर्वीच्या गॅलिशियाची, त्यात इंग्रजी शब्द मिसळलेले: शेताला ‘फार्मा’, दुकानाला ‘श्तोर’. कीव्हहून आलेल्या तरुणांना ती ऐकून पणजीची आठवण होते. तंजावरच्या मराठी माणसाचं बोलणं ऐकताना आपलं जे होतं तेच.

पहिल्या महायुद्धात त्यांना शत्रू ठरवलं होतं?

हो. ज्या ऑस्ट्रियाला कंटाळून ते आले त्याच ऑस्ट्रियाचे कागद त्यांच्या खिशात होते. १९१४ च्या युद्धकालीन कायद्याखाली सुमारे ८०,००० जणांना, ज्यांत बहुसंख्य युक्रेनी होते, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नोंदणी करून नियमित हजेरी लावावी लागली. ८,५७९ जणांना छावण्यांत डांबलं, त्यांतले ५,००० हून अधिक युक्रेनी. शेवटच्या छावण्या १९२० मध्ये बंद झाल्या, म्हणजे युद्ध संपून वर्षाहून जास्त काळ लोटल्यावर. बँफहून पुढे लेक लुईझ तळ्याकडे जाताना कॅसल माउंटन लागतो ना, त्याच्या पायथ्याशी अशी एक छावणी होती. पाहुण्यांचे बँफचे फोटो त्याच डोंगराचे असतात. शेतात स्थिरावलेल्या कुटुंबांना तुलनेने कमी झळ बसली, जास्त भरडले ते काम शोधत फिरणारे एकटे तरुण. १९१७ मध्ये तर नागरिकत्व मिळालेल्या अनेकांचाही मताधिकार काढून घेतला.

याच्या उलट टोकाची एक तारीख सांगते. जानेवारी १९४७ मध्ये ओटावात कॅनडाच्या नागरिकत्वाचा पहिला समारंभ झाला. पहिलं प्रमाणपत्र पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना मिळालं. त्या दिवशी प्रमाणपत्र घेणाऱ्यांत वासिल एलेनियाक होते, १८९१ साली आलेल्या दोघांमधले.

ते प्रचंड मोठं अंडं काय आहे?

व्हेग्रेव्हिलची पिसांका. ‘पिसाती’ म्हणजे लिहिणं, म्हणून पिसांका म्हणजे ‘लिहिलेलं’ अंडं. ईस्टरआधी कच्च्या अंड्यावर किस्तका नावाच्या बारीक नळीच्या लेखणीने वितळलेल्या मेणाच्या रेघा ओढतात, मग पिवळ्या रंगात बुडवतात, पुन्हा मेण, मग केशरी, लाल, शेवटी काळा. मेण आचेजवळ धरून पुसलं की खालचे सगळे रंग एकदम उघडतात. बाटिकचंच तंत्र. त्रिकोण, गव्हाची लोंबी, सूर्य, न संपणारी नागमोडी रेघ, प्रत्येकाला अर्थ.

व्हेग्रेव्हिलचं अंडं १९७५ सालचं, अॅल्युमिनियमचं. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांच्या शताब्दीनिमित्त उभारलेलं. जमिनीपासून साधारण ३१ फूट उंच, आणि वाऱ्याबरोबर वळणारं. अडचण गणिताची होती. अंड्याच्या वक्रतेला सपाट पत्रे बसवायचे कसे? युटा विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ रॉन रेश यांनी त्याची भूमिती संगणकावर सोडवली. दोन हजारांहून अधिक त्रिकोण आणि ५२४ तारे, एकमेकांना किंचित कोनात जोडलेले. जुलैच्या सुरुवातीला गावात पिसांका महोत्सव असतो.

आजूबाजूच्या गावांनीही मग आपापलं काही उभं केलं: मंडेअरला ४२ फुटी सॉसेज, अँड्र्यूला उडणारं बदक, विल्नाला अळंबी, ग्लेंडनला काट्यावर टोचलेला पिरोही. पाहुणे तिथे फोटो काढतात, काढावेत. फक्त तेवढंच बघून परतू नये.

‘व्हेग्रेव्हिल’ हे नाव मी आधी कुठेतरी वाचलंय.

कॅनडात २०१८ पूर्वी शिकायला किंवा नोकरीला आलेला असाल तर नक्की. परवान्याची मुदत वाढवायचे अर्ज जिथे तपासले जात ते केंद्र सरकारचं कार्यालय याच गावात होतं. हजारो मराठी मुलांच्या फायली या साडेपाच हजार वस्तीच्या गावातून गेल्या आहेत. सरकारने ते एडमंटनला हलवलं, गावाने जोरात विरोध केला, उपयोग झाला नाही. गावाचं नाव मात्र युक्रेनी नाही. ते फादर व्हेग्रेव्हिल या फ्रेंच मिशनऱ्यावरून पडलं. ‘मिरनाम’ हे युक्रेनी: ‘आम्हांस शांती लाभो’.

शाकाहारी माणसाने काय खावं?

भरपूर आहे, पण विचारून. पिरोही म्हणजे करंजीच्या आकाराच्या, मैद्याच्या पारीत बटाटा-चीज, आंबवलेला कोबी किंवा घट्ट दही भरून उकडलेल्या वड्या. युक्रेनमध्ये यांना आता वारेनिकी म्हणतात, इथे जुनं नाव राहिलं. वर परतलेला कांदा आणि आंबट साय. तो कांदा कधी डुकराच्या चरबीत परततात, तेव्हा लोण्यात करून मागा. होलुब्त्सी म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला भात. नालिस्निकी म्हणजे पातळ धिरड्यांत चक्का भरून, शेपू घालून सायीत भाजलेल्या गुंडाळ्या. मला सगळ्यांत आवडतो तो हाच पदार्थ. नाचिंका हा मक्याच्या पिठाचा भाजलेला प्रकार बुकोविनावाल्यांचा. बोर्श्ट या बीटच्या सूपमध्ये बरेचदा मांसाचं पाणी असतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, स्व्यात वेचिरला, बारा पदार्थ करतात, मांस आणि दूध-लोण्याशिवाय. टेबलावरच्या कापडाखाली वाळलेलं गवत, कोपऱ्यात गव्हाची पेंढी उभी केलेली, आणि पहिला घास कुत्याचा: शिजवलेला अख्खा गहू, मध आणि वाटलेली खसखस. आपली गव्हाची खीर जवळची आहे, फक्त गूळ आणि नारळ काढून बघा. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे हा सण ६ जानेवारीला येई. २०२३ मध्ये युक्रेनमधल्या मुख्य चर्चेसनी डिसेंबर स्वीकारला. इथे घराघरांत वेगवेगळं आहे, काही दोन्ही करतात.

गावं इतकी शांत का? माणसं कुठे गेली?

एडमंटनला. १६० एकरांवर जगणं केव्हाच संपलं, आता एकेक शेतकरी हजारो एकर कसतो, त्यामुळे दहा घरांच्या जागी एक घर उरलं. १९०५ साली कॅनेडियन नॉर्दर्न रेल्वे आली तेव्हा व्हेग्रेव्हिल गाव उचलून रुळांजवळ नेलं होतं. १९२०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या फाट्यावर विलिंग्डन, टू हिल्स, मिरनाम वाढली. मग ते फाटे बंद झाले, धान्याची उंच लाकडी कोठारं पाडली गेली, शाळा एकत्र केल्या. बंद दुकानाच्या काचेत अजून जुनी पाटी दिसते.

अल्बर्टात युक्रेनी वंशाचे साडेतीन लाखांच्या आसपास लोक आहेत. मूळ मात्र सगळे याच मातीतलं सांगतात. २०२२ च्या आक्रमणानंतर जवळपास तीन लाख युक्रेनी तात्पुरत्या परवान्यावर कॅनडात आले. त्यांतली काही कुटुंबं या मुलखात राहिली, आणि ज्या चर्चमध्ये फक्त म्हाताऱ्यांचे आवाज उरले होते तिथे पुन्हा मुलं दिसू लागली.

एका दिवसात काय बघावं?

सकाळी युक्रेनी सांस्कृतिक वारसा गाव, एडमंटनपासून साधारण ५० किलोमीटर. तीसहून अधिक जुन्या इमारती, बहुतेक आसपासच्या गावांतून उचलून आणलेल्या, बुर्देईपासून बेलिसच्या धान्यकोठारापर्यंत. उन्हाळ्यातच जा, तेव्हाच त्या घरांत ‘राहणारी’ माणसं असतात. तुम्ही बाईला विचारलंत की नवरा कुठे, तर ती १९२० च्या दशकातलं उत्तर देते. तिथून मंडेअरचं बॅसिलियन या ग्रीक कॅथलिक संघाच्या पाद्र्यांचं संग्रहालय, मग व्हेग्रेव्हिल. परतताना महामार्ग सोडा आणि उत्तरेने, व्हिक्टोरिया ट्रेलच्या कच्च्या रस्त्याने या.

चर्चेस आतून बघता येतात का?

बहुतेक बंद असतात. अनेक ठिकाणी वर्षातून एकदाच, त्या संताच्या सणाच्या दिवशी पूजा होते. याला प्राझ्निक म्हणतात. त्या दिवशी एडमंटन-कॅल्गरीहून नातवंडं येतात, पूजा होते, मग सगळे शेजारच्या कबरस्तानात जातात आणि एकेका कबरीपाशी थांबून मृतांसाठी प्रार्थना गातात. त्यानंतर सभागृहात जेवण. पाहुण्याला कोणी परका मानत नाही, पुढे बोलावून ताट देतात. चर्चच्या दारावर किंवा काउंटीच्या कार्यालयात तारीख कळते. डोकं झाकलंच पाहिजे असं नाही, पण आवाज हळू ठेवा. कबरींचे दगड वाचायला वेळ काढा. जुन्या दगडांवर जन्मगावाचं नाव सिरिलिक लिपीत कोरलेलं असतं, आणि कोपऱ्यात लहान, नाव पुसलेल्या क्रुसांची रांग असते. ती मुलांची. लायलकची फुलझाडं त्या पहिल्या कुटुंबांनी लावलेली असतात, जूनमध्ये फुलतात.